तिन्ही बुटांवर 'फुल ग्रेन'च लिहिलंय, मग सातशे डॉलर कशाचे?

अमेरिकन कंपन्यांचे चामडी बूट बघा. दोनशे डॉलरच्या आसपासचा थर्सडे कॅप्टन घ्या, साडेतीनशेच्या आसपासचा रेड विंग आयर्न रेंजर घ्या, नाहीतर सहा-सातशे डॉलरचा व्हाइट्स किंवा निक्स घ्या, तिन्हींच्या माहितीत एक शब्द हमखास सापडतो, फुल ग्रेन लेदर. आणि तो खोटाही नसतो. म्हणजे ज्या शब्दावर आपण सगळे विसंबून असतो त्याच्यावरून दोनशे आणि सातशे यातला फरक कळतच नाही. अमेरिका-कॅनडातली आपली बरीच मंडळी हल्ली हे बूट घेतात, काही जण खरंच साइटवर काम करतात म्हणून, काही जण जीन्सखाली भारी दिसतात म्हणून (त्यात वाईट काहीच नाही), आणि इकडे पुण्या-मुंबईतले लोक सुट्टीवर येणाऱ्या भावाला आणायला सांगतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. वरून दिसणाऱ्या चामड्यात फरक असतो पण किमतीत जेवढा दिसतो तेवढा नसतो. खरा पैसा जातो तो आत दडलेल्या चामड्यात आणि ते शिवणाऱ्या हातांत, आणि तो वसूल होणार की नाही हे तुम्ही दिवसभर कुठे उभे असता त्यावर ठरतं.

आता हे कसं, ते बघू. त्यासाठी आधी कातडं समजायला हवं.

गाईच्या कातड्याचा वरचा भाग, जिथे केस होते तो, त्याला ग्रेन म्हणतात. इथले तंतू बारीक आणि दाट बसलेले, त्यामुळे घासलं गेलं तरी पटकन निघत नाही आणि पाणीही लगेच आत शिरत नाही. त्याच्या खाली कोरियम. तिथे तंतू जाड आणि चहूबाजूंनी गुंतलेले, ओढलं तर न फाटण्याची ताकद मुख्यतः या थराची. अख्खं कातडं बुटाला जास्तच जाड होतं म्हणून टॅनरीत, म्हणजे चामडं तयार करण्याच्या कारखान्यात, ते मशीनवर आडवं चिरतात, वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा. खालच्याला स्प्लिट म्हणतात. त्याचं स्वेड (मऊ, लवदार चामडं) करतात, किंवा त्यावर प्लास्टिकचा थर चढवून ग्रेनचा छाप मारतात, आणि अगदी स्वस्त बुटात बऱ्याचदा हेच असतं, जे काही महिन्यांत बोटांच्या वळणावर पापुद्रे निघावेत तसं सुटायला लागतं.

वरचा भाग न घासता तसाच ठेवला तर ते फुल ग्रेन. जनावराला काटेरी तार लागली असेल, गोचीड चावली असेल, डागणी दिली असेल, तर त्या सगळ्याच्या खुणा चामड्यावर राहतात. खुणा नको असतील तर वरचा पातळ थर घासून काढायचा, रंगाचा जाड हात मारायचा आणि हवा तो दाणा दाबून उठवायचा, हे झालं करेक्टेड ग्रेन. आपल्याकडे एमआयडीसीत हजार-दीड हजाराचे सेफ्टी शूज मिळतात त्यांच्यावर 'बफ बार्टन' लिहिलेलं असतं बघा, ते बहुतेक वेळा म्हशीचं चामडं, वरून घासून दाणेदार छाप मारलेलं. ते टाकाऊ असतं असं अजिबात नाही, ऑइल आणि मेटलच्या चुऱ्यात वावरायचं असेल तर ते पुसायला सोपं पडतं, फक्त वरचा रंगाचा थर एकदा वळणावर तडकला की त्याला पॉलिशने परत आणता येत नाही. फुल ग्रेनला ओरखडा पडला तरी थोडं तेल चोळलं की तो बराचसा आत जिरतो.

नेटवर एक उतरंड फिरत असते, सगळ्यात वर फुल ग्रेन, मग टॉप ग्रेन, मग जेन्युइन, तळाला बॉन्डेड. अशी उतरंड टॅनरीवाले काही पाळत नाहीत. टॉप ग्रेन म्हणजे स्प्लिट काढल्यावर उरलेला वरचा भाग, त्यात फुल ग्रेनही आलंच. जेन्युइन लेदर हा काही खालचा दर्जा नव्हे, हे चामडं आहे, रेक्झिन नाही, एवढंच ते सांगतं. बॉन्डेड मात्र खरंच टाळा, तो चामड्याचा चुरा गोंदात कालवून लाटलेला असतो. आणि मुख्य म्हणजे फुल ग्रेन याचा अर्थ फक्त 'वरून घासलेलं नाही' इतकाच आहे, मरतुकड्या जनावराचं पोटाकडचं ढिलं कातडं न घासता विकलं तरी ते फुल ग्रेनच ठरतं!

त्यामुळे विचारायचा प्रश्न हा की चामडं अंगावरच्या कुठल्या भागातलं आहे. पाठीचा मागचा भाग, ढुंगणाकडचा, तिथे तंतू सगळ्यात घट्ट. खांद्याकडे जाड असतं पण मानेच्या वळ्या उतरलेल्या असतात. पोटाकडे आणि पायांच्या बगलेत चामडं पातळ, ताणलं जाणारं, सैल, कारण जनावर जेवतं, फुगतं, गाभण राहतं, तिथली कातडी ताणायलाच बनलेली असते. आता बूट कापणारा कारागीर, ज्याला तिकडे क्लिकर म्हणतात, त्याच्यासमोर अख्खी एक बाजू पसरलेली असते आणि त्याला त्यातून जास्तीत जास्त तुकडे काढायचे असतात. चांगली कंपनी त्याला सांगते की पुढचा भाग, म्हणजे बोटांवरचा, पाठीतूनच काप, जीभ आणि वरचा घोट्याचा भाग खांद्याकडून चालेल, पोटाचं सोडून दे. स्वस्तातली कंपनी सांगते वाया काही जाता कामा नये. दोघी एकाच टॅनरीतून तेच चामडं घेतात, दोघी फुल ग्रेन लिहितात, दोघी खरंच बोलतात.

दुकानात हे ओळखायचं कसं, तर बोटांच्या मागे जिथे बूट चालताना वळतो तिथे अंगठ्याने आतून थोडं दाबून वाकवून बघायचं. बारीक, केसासारख्या सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर गेल्या तर चामडं घट्ट. जाड, फुगीर वळ्या पडल्या, जणू वरची कातडी खालच्यापासून सुटून उचलली गेलीय, तर त्याला लूज ग्रेन म्हणतात, आणि हे वापराने सुधारत नाही, वाढतच जातं. दोन्ही पायांचे बूट शेजारी ठेवून बघा, एकाचं वळण वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं असं दिसलं तर कापणाऱ्याने जोडी जुळवायला वेळ दिलेला नाही. वासावर जाऊ नका. 'मस्त चामड्याचा वास येतोय' म्हणून लोक खूश होतात, तो वास बऱ्याच वेळा तेला-मेणाचा आणि फिनिशचा असतो.

जाडीचं थोडक्यात सांगतो. चामड्याची जाडी औंसात मोजतात, १ औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. म्हणजे ५ औंसाचं चामडं २ मिलिमीटर आणि ७ औंसाचं २.८. फॅशनच्या बुटात दीड मिलिमीटरच्या आगेमागे असतं, रेड विंगच्या हेरिटेज, म्हणजे जुन्या धाटणीच्या, बुटांत दोनच्या वर, आणि डोंगरात लाकूडतोड्यांसाठी बनणाऱ्या बुटांत अडीच ते तीन. जाड म्हणजे चांगलंच असं नाही, ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, पहिले काही आठवडे टाच सोलून निघते, आणि पुण्यात मे महिन्यात तीन मिलिमीटरचा आठ इंची बूट घालून फिरणाऱ्याची मला काळजीच वाटेल.

आता कमावणं, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करणं. इथे जरा रेंगाळतो कारण बुटाचा स्वभाव इथे ठरतो.

जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमने कमावलं जातं. ऑगस्टस शुल्ट्झ नावाच्या माणसाने १८८४ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं आणि जे काम सालीच्या पाण्यात कित्येक आठवडे, महिने चालायचं ते दिवसांवर आलं. क्रोमियमचं मीठ तंतूंना आतून बांधून टाकतं, चामडं निळसर होतं (टॅनरीत त्याला वेट ब्लूच म्हणतात), मऊ राहतं आणि उष्णता बरीच सहन करतं, चांगलं क्रोम चामडं ओलं असताना पाण्याच्या उकळबिंदूपर्यंत आकसत नाही. सालीने कमावलेलं साधारण ७० ते ८५ अंशांनाच आकसायला लागतं. क्रोम म्हटलं की लोक घाबरतात तर तेही सांगतो, कमावायला वापरतात ते तीन संयुजेचं क्रोमियम, धोक्याचं ते सहा संयुजेचं, जे वाईट प्रक्रियेत थोडं तयार होऊ शकतं. युरोपने २०१५ पासून त्यावर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. माणसाच्या पायापेक्षा टॅनरीच्या सांडपाण्याचा प्रश्न जास्त मोठा आहे, पण तो वेगळा विषय.

सालीने कमावणं, ज्याला व्हेज टॅन म्हणतात, ते आपल्याला नवीन नाही. कोल्हापुरी चप्पल त्याच चामड्याची. बाभळीची साल आणि हिरडा, आणि पारंपरिक पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचं, ते हळूहळू झिरपत मुरतं. हिरडा सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आजही गोळा करतात. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नवीन कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते आणि नंतर तुमच्याच पायाची होऊन जाते, टाचेचा आणि अंगठ्याचा ठसा उमटतो, हा गुण व्हेज टॅनचा आहे. ते घट्ट असतं, घाम शोषतं, दाबाने आकार घेतं आणि तो आकार धरून ठेवतं. हे लक्षात ठेवा, कारण महाग बुटाच्या पोटात नेमकं हेच असतं.

मग तिसरा प्रकार, आधी क्रोम आणि मग साल, दोन्ही. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे शिकागोच्या हॉरवीन टॅनरीचं क्रोमएक्सेल. हॉरवीन १९०५ पासूनची टॅनरी, आणि ते स्वतः सांगतात की क्रोमएक्सेलला २८ कामाचे दिवस लागतात आणि किमान ८९ प्रक्रिया होतात. शेवटी गरम तेल, चरबी, मेण चामड्यात अक्षरशः कोंबतात. त्यामुळे ते दुमडलं की तिथलं तेल सरकतं आणि रंग फिका होतो, सोडलं की परत येतो, याला पुल-अप म्हणतात आणि यूट्यूबवर प्रत्येक बूटवाला हे करून दाखवतोच. दिसायला सुंदर, पहिल्या दिवसापासून मऊ. पण एक गोष्ट लोक मान्य करत नाहीत, ती मी सांगतो. कामाच्या बुटासाठी क्रोमएक्सेल ही माझी पहिली पसंती नाही. ते मऊ आणि ताणणारं आहे, लूज ग्रेनची तक्रार याच्याबद्दलच सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ओरखडे तर बघितलं तरी पडतात. ऑफिसला, प्रवासाला मस्त. दगड-माती उचलायला जाड, मेण भरलेलं, थोडं कडक चामडं बरं.

आणि मजा बघा, हेच क्रोमएक्सेल थर्सडेच्या काही बुटांत मिळतं, ऑल्डनमध्ये मिळतं, कॅनडाच्या व्हायबर्गमध्ये मिळतं आणि व्हाइट्समध्येही मिळतं. टॅनरी तीच, चामडं तेच, किंमत अडीच-तीन पट. वरच्या चामड्यानेच किंमत ठरत असती तर हे शक्य झालं असतं का?

हिशोबच करू. आठ इंची बुटाच्या जोडीला वाया जाणारं धरून चार ते सहा चौरस फूट चामडं लागतं. हॉरवीनसारखं नावाजलेलं चामडं आपण किरकोळीत घ्यायला गेलो तर चौरस फुटाला दहा डॉलरच्या पुढे जातं, कंपनीला अर्थातच स्वस्त पडतं. म्हणजे वरचं सगळ्यात भारी चामडंसुद्धा धरून चालू साठ-सत्तर डॉलरचं. साधं बरं चामडं त्याच्या निम्म्यात येईल. फरक तीस-चाळीस डॉलरचा आणि बुटाच्या किमतीत फरक चारशे-पाचशे डॉलरचा. बाकीचे कुठे गेले?

बरेचसे आत. इनसोल, म्हणजे तळपाय ज्यावर टेकतो ती पट्टी, स्वस्त बुटात दाबलेल्या पुठ्ठ्याची किंवा फोमची असते. पुठ्ठा घाम पितो, दोन-तीन वर्षांत भुगा होतो. फोम पहिल्या दिवशी ढगासारखा आणि सहा महिन्यांनी चपटा. चांगल्या बुटात तिथे जाड व्हेज टॅन चामड्याची पट्टी असते, ती पायाचा साचा घेते आणि बूट असेपर्यंत टिकते. यूट्यूबवर रोझ ॲन्विल नावाचं चॅनल आहे, तिथे बूट करवतीने उभे कापून आत काय आहे ते दाखवतात. दोन-चार व्हिडिओ बघा, जाहिरातीतला कुठला शब्द खरा आणि कुठला नुसता सजावटीचा ते आपोआप कळायला लागेल.

मग शिवण. गुडइयर वेल्ट हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, १९व्या शतकातली पद्धत, चार्ल्स गुडइयर ज्युनियरच्या नावाची. यात वरचं चामडं आणि वेल्ट, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी पट्टी, इनसोलच्या खालच्या कडेला शिवतात आणि मग वेल्टला सोल शिवतात, म्हणजे सोल झिजला की वरच्याला हात न लावता बदलता येतो. पण बऱ्याच गुडइयर वेल्ट बुटांत ती शिवण इनसोलच्या चामड्यात नसतेच, इनसोलखाली कापडाची एक कड गोंदाने चिकटवलेली असते, तिच्यात असते. म्हणजे सगळा डोलारा शेवटी गोंदावर. ते रोजच्या वापराला वर्षानुवर्षं टिकतं, मी उगाच घाबरवत नाही, पण आग आणि चिखल आणि रोज चौदा तास असेल तर गोंद हा कच्चा दुवा ठरतो.

स्पोकेन, वॉशिंग्टन राज्यातलं शहर, तिथे व्हाइट्स आहे, १९६४ पासून निक्स आहे, जेके आहे, फ्रँक्स आहे, आणि शेजारच्या ओरेगनमध्ये स्कॅपूसला वेस्को, १९१८ पासून. ही सगळी मंडळी लाकूडतोड्यांसाठी आणि जंगलातल्या आगी विझवणाऱ्यांसाठी बूट बनवत मोठी झाली. अमेरिकेच्या वनखात्याचा नियम आहे की आगीवर जाणाऱ्याचा बूट किमान ८ इंच उंच, चामड्याचा, लेसचा आणि न वितळणाऱ्या खाचांच्या सोलचा हवा. ही माणसं सोळा-सोळा तास उतारावर उभी असतात, राखेत, निखाऱ्यात. म्हणून या बुटांत वरचं चामडं बाहेर वळवून थेट मिडसोलवर (मधल्या सोलवर) शिवतात, स्टिचडाउन म्हणतात त्याला, कडेला टाक्यांच्या दोन ओळी दिसतात. कमानीखाली लोखंडी पट्टीऐवजी किंवा तिच्या जोडीला जाड चामड्याचा तुकडा, टाच चामड्याच्या थरांची, बरीचशी कामं हाताने. एका जोडीत व्हेज टॅन चामडं वरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त भरलेलं असतं, बूट हातात घेतल्यावर वजनावरूनच कळतं. आणि ते बसवणाऱ्या माणसांना अमेरिकेतला पगार द्यावा लागतो. चारशे-पाचशे डॉलर तिथे गेले.

रेड विंगचं गणित वेगळं आहे. मिनेसोटातल्या रेड विंग गावात १९०५ ला कंपनी निघाली, त्याच गावात एस. बी. फूट ही १८७२ ची टॅनरी, आणि १९८६ मध्ये कंपनीने ती टॅनरीच विकत घेतली. घरचं चामडं, मोठा कारखाना, बरीच कामं मशीनवर, तरीही अमेरिकेत बनलेला, सोल बदलता येणारा बूट साडेतीनशेच्या आसपास देणं त्यांना जमतं ते बहुधा यामुळेच. माझ्या मते जंगलात न जाणाऱ्या माणसासाठी किंमत आणि चामडं यांचा मेळ याच टप्प्यावर सगळ्यात चांगला बसतो, त्याच्या वर गेलात की दर शंभर डॉलरला मिळणारा फायदा कमी कमी होत जातो. आणि दिवसभर सपाट काँक्रीटवर, वेअरहाऊसमध्ये उभं राहणाऱ्याने तर व्हाइट्सची उंच टाच आणि उंच कमान घेऊच नये, त्याला विस्कॉन्सिनचा थोरोगुड, सपाट पांढऱ्या वेज सोलचा (वेगळी टाच नसलेला), जास्त सुखाचा पडेल आणि पैसेही निम्मे.

एक गोष्ट मध्येच, कारण लोक यात फसतात. आयर्न रेंजरच्या बोटांवर जो दुहेरी चामड्याचा टोपीसारखा भाग आहे ती सेफ्टी टो नाही. आपल्याकडच्या आयएस १५२९८ मार्कच्या सेफ्टी शूजची टो-कॅप २०० ज्यूलचा दणका सोसते, आयर्न रेंजर सोसणार नाही. कारखान्यात नियमानुसार सेफ्टी शूज लागत असतील तर हजार-दीड हजाराचा बफ बार्टन हा तीस हजाराच्या हेरिटेज बुटापेक्षा योग्य बूट आहे, यात वाद नको. आणि ओल्या सिमेंटमध्ये काम असेल तर कुठलंच भारी चामडं घालू नका, गमबूट घाला. ओलं सिमेंट जबरदस्त अल्कली असतं. टॅनरीत कातड्यावरचे केस सोडवायला चुनाच वापरतात, आता विचार करा बुटाचं काय होत असेल.

रफआउटबद्दल सांगायचं राहिलंच. ते दिसतं स्वेडसारखं म्हणून लोक नाजूक समजतात, पण स्वेड हे बहुधा खालच्या स्प्लिटचं असतं आणि रफआउट म्हणजे पूर्ण जाडीचं चामडं उलटं केलेलं, मांसाची बाजू बाहेर आणि ग्रेन आत पायाकडे. म्हणजे ग्रेन सुरक्षित राहतो, बाहेर ओरखडे पडले तर दिसतच नाहीत, पॉलिशची कटकट नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन्सचे बूट असेच होते. ज्याला खरंच काम करायचंय आणि बूट लाडाने पुसत बसायचं नाहीये त्याने दुसरा काही विचार न करता रफआउट घ्यावा. नुबक म्हणजे ग्रेनची बाजू हलकी घासून मखमली केलेली, दिसायला छान, डाग पटकन. शेल कॉर्डोव्हन घोड्याच्या ढुंगणाकडच्या भागाचं, हॉरवीनमध्ये त्याला किमान सहा महिने लागतात, किंमत विचारू नका, आणि कामाच्या बुटाशी त्याचा काही संबंध नाही.

आता वसुलीचं. दीडशे डॉलरचा चिकटवलेल्या सोलचा बूट दोन वर्षांत फेकला आणि साडेतीनशेचा बूट दर दोन-तीन वर्षांनी शंभर-दीडशे देऊन सोल बदलत दहा वर्षं चालवला तर हिशोब काढा, दोन्ही जवळपास सारखेच पडतात! 'महाग बूट शेवटी स्वस्त पडतो' हे वाक्य जितक्या ठामपणे सांगतात तितकं खरं नाही, दहा वर्षं तोच बूट वापरायची आणि त्याची निगा राखायची तयारी असेल तरच ते थोडंफार खरं ठरतं. फायदा असलाच तर त्या दहा वर्षांतल्या प्रत्येक दिवशी पायाखाली चांगला इनसोल होता हा. सातशेचा बूट पैशात वसूल होतो तो फक्त अशा माणसाला जो दीडशेचा बूट सहा महिन्यांत फाडतो.

भारतात आणायचा असेल तर अजून दोन गोष्टी. एक म्हणजे सोल कोण बदलणार हे आधी शोधा, वेल्ट शिवायचं मशीन गल्लीतल्या कारागिराकडे नसतं, तो हाताने शिवून देईल आणि काही जण उत्तम देतात, पण आधी विचारा. चेन्नईचा ब्रिडलेन गुडइयर वेल्टचे बूट भारतात बनवतो, तोही बघून ठेवा, कस्टम ड्यूटी वाचते. दुसरी, पाऊस. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये कपाटात ठेवलेल्या चामड्यावर बुरशी येणारच, ती ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवली तर जाते. भिजलेला बूट हीटरजवळ, गॅसजवळ ठेवू नका, ओलं चामडं गरम झालं की आतले तंतू आकसतात आणि परत कधीच मोकळे होत नाहीत, आतला व्हेज टॅन इनसोल तर आधी. कागद कोंबून सावलीत वाळवा. तेल वर्षातून एक-दोनदा पुरे, दर रविवारी मिंक ऑइल चोपडणाऱ्यांचे बूट सहा महिन्यांत लोळागोळा होतात. आणि पॉलियुरेथेनचा सोल असलेला बूट जपून ठेवायचा म्हणून कपाटात ठेवू नका, दमट हवेत तो न वापरताही काही वर्षांत तुकडे-तुकडे होऊन पडतो, रबराचा सोल तसा पडत नाही.

मापाचं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. दुकानात ब्रॅनॉक नावाचं धातूचं पायमाप असतं त्यावर पाय मोजून घ्या, या बुटांत स्पोर्ट्स शूजच्या मापापेक्षा बहुधा अर्धा ते एक नंबर लहान लागतो. माप चुकलं की वळण चुकीच्या जागी पडतं आणि मग पाठीतलं चामडं असो की पोटातलं, बूट तिथेच मोडतो.

पैसे वाचवायचे असतील तर फॅक्टरी सेकंड्स शोधा, म्हणजे तपासणीत नापास झालेले जोड, चांगल्या सवलतीत निघतात. नापास का झाला हे मात्र विचारून घ्या, फोटो मागा. काटेरी तारेचा जुना व्रण, गोचिडीचा ठिपका, दोन बुटांच्या रंगात थोडा फरक, टाका एखादा वाकडा, असं काही असेल तर डोळे झाकून घ्या, ते चामडं पहिल्या दर्जाच्या जोडाइतकंच टिकेल. बोटांच्या वळणावर लूज ग्रेन असेल तर निम्म्या किमतीतही नको.